वाळूच्या नळीतलं रीडिंग दर आठवड्याला घसरतंय? मीटर उघडण्याआधी हे वाचा

पावसाळा सरून मलप्रभा नदीचं पात्र उघडं पडलं की मला एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. कधी खानापुरातून, कधी निपाणी-संकेश्वरकडून. "सर, नळीत वाळू भरली, पाणी भरलं, पहिल्या दिवशी रीडिंग छान आलं. आठवड्याने बघतोय तर खाली. पुढच्या आठवड्यात आणखी खाली. बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, मित्राचं मीटर आणून लावलं, तरी तेच." विचारणारा कधी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी असतो, कधी बोअरचे पॉइंट काढायला नुकताच लागलेला सर्व्हेअर. मी स्वतः बेळगाव-खानापूर भागात रेझिस्टिव्हिटीने, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजून, पाणी शोधायचं काम करतो, आणि ज्या वाळूत काम करायचं तिची नळी आधी घरी भरून तिचा रोध मोजून बघतो. माझ्याही नळ्या अशाच घसरल्या आहेत. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

बहुतेक वेळा मीटर शाबूत असतं. अनेकदा नळीतला मालच बदललेला असतो, आणि तो बदलणारे असतात ओल्या वाळूत राहणारे जिवाणू. पण म्हणून पहिल्याच दिवशी त्यांच्यावर खापर फोडू नका. आधी तीन साध्या गोष्टी तपासायच्या असतात, आणि फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण तिथेच मिटते.

नळी आपण भरतो कशाला, तेवढं आधी आठवून घेऊ. वाळूचा कण, म्हणजे गारगोटीचा तुकडा, वीज जवळजवळ नेतच नाही. वीज जाते ती कणांमधल्या पाण्यातून. १९४२ साली गस आर्ची या अमेरिकी अभियंत्याने याचा साधा नियम मांडला: पाण्याने भरलेल्या वाळूची रोधकता (म्हणजेच रेझिस्टिव्हिटी) भागिले नुसत्या पाण्याची रोधकता हे गुणोत्तर त्या वाळूच्या सच्छिद्रतेवर, म्हणजे कणांमधल्या रिकाम्या जागेवर, ठरतं. आपल्या नदीच्या सुट्या वाळूत ३५ ते ४० टक्के जागा रिकामी असते, तेव्हा हे गुणोत्तर साधारण सव्वातीन ते साडेचारच्या आसपास येतं. हा आकडा हातात असला की शेतातल्या रीडिंगवरून खालच्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. वाळू तीच, नळी तीच, मग गुणोत्तर बदलायला नको. पुढची सगळी तपासणी या एकाच वाक्यावर उभी आहे.

आधी हवामान बघा

पाण्याची वाहकता, म्हणजे रोधकतेच्या उलट, वीज नेण्याची क्षमता, तापमानाच्या दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. डिसेंबरच्या सकाळी भरलेली नळी तुम्ही मार्चच्या दुपारी पत्र्याखाली मोजत असाल, तर त्या फरकातच रीडिंग पंधरा-वीस टक्के पडू शकतं. नळीजवळ थर्मामीटर ठेवा आणि प्रत्येक रीडिंग २५ अंशांवर आणून मगच वहीत लिहा.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पाण्याची वाहकता मोजायला आपण जो खिशातला पेन, म्हणजे पेनच्या आकाराचं छोटं मीटर, वापरतो, तो बहुधा आतल्या आत २५ अंशांची दुरुस्ती करून आकडा दाखवतो. नळीवरचं मीटर असं काही करत नाही. एक आकडा दुरुस्त केलेला, दुसरा कच्चा, आणि दोघांचा भागाकार. मग गुणोत्तर दुपारी एक आणि पहाटे दुसरं येणारच. पेनचं माहितीपत्रक वाचून घ्या.

मग सळ्या बघा

नळीत वीज द्यायला आणि मोजायला सळ्यांच्या जागी खिळे लावले असतील तर काढून टाका. लोखंड गंजतं, पाण्यात उतरतं. तांब्याची तार लावली तर तांबं पाण्यात उतरून जिवाणूंना मारतं, म्हणजे जे बघायचं तेच बिघडतं. चांगलं स्टेनलेस स्टील किंवा ग्रॅफाइट वापरा. जुन्या टॉर्चच्या सेलमधली कार्बनची कांडी चालते, मात्र तिच्यावरची काळी पूड खरवडून, उकळत्या पाण्यात धुऊन घ्यावी लागते.

प्रवाह नळीच्या दोन टोकांना बसवलेल्या चकत्यांतून द्यायचा आणि व्होल्टेज मध्ये वाळूत खुपसलेल्या दोन सळ्यांवर मोजायचं. प्रवाह काही सेकंदच द्या, मग वायरी उलट्या करून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. सतत एकाच दिशेने प्रवाह ठेवला की सळ्यांवर भार साचतो आणि आकडा स्वतःच सरकू लागतो. घरातल्या लाइनचा करंट या कामाला कधीही लावू नका, बॅटरी पुरते.

आणखी एक सवय लावा: प्रवाह बंद असताना मधल्या सळ्यांवर किती मिलिव्होल्ट दिसतात, तेही लिहून ठेवा. उभ्या नळीत वरच्या सळीला हवेचा प्राणवायू मिळतो, खालचीला मिळत नाही. दर आठवड्याला हा आकडा वाढत असेल तर खाली कुणीतरी प्राणवायू संपवतंय.

तिसरी गोष्ट चटकन सांगतो. नळी वरून सुकली तर रीडिंग चढतं, घसरत नाही. वर दोन बोटं पाणी उभं ठेवा आणि तोंडाला प्लास्टिक बांधा.

आता खरी परीक्षा: आतलं पाणी काढा

हे सगळं करूनही घसरण चालूच असेल, तर नळीच्या मधल्या बाजूच्या छिद्रातून इंजेक्शनच्या सिरिंजने थोडं पाणी ओढा आणि त्याची वाहकता मोजा. वर उभं असलेलं पाणी घेऊ नका. ते वेगळं असतं, आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

एक उदाहरण धरू. नळीचा आतला व्यास ६ सेंटिमीटर, मधल्या सळ्यांत १० सेंटिमीटर अंतर, पाण्याची वाहकता २०० मायक्रोसिमेन्स (दर सेंटिमीटरला). पहिल्या दिवशी २४ अंशांना रोध ६२०० ओहम आला. काही आठवड्यांनी ३१ अंशांना आला ४९००. घसरण एकवीस टक्के, पोरगं घाबरणारच. पण नुसत्या तापमानानेच ६२०० चे ५४२५ व्हायला हवेत. उरला फरक ५४२५ आणि ४९०० मधला, म्हणजे वाहकतेत सुमारे दहा-अकरा टक्के वाढ. आता सिरिंजच्या पाण्याने २०० ऐवजी २२१ दाखवले, तर हिशेब मिटला. गुणोत्तर जिथल्या तिथे आहे. वाळूचा सांगाडा बदलला नाही, पाणी खारवलं.

पाणी खारवलं कशाने? बाहेरून तर काही घातलं नाही. इथे जिवाणू येतात. वाळूत अडकलेला पालापाचोळा, शेणाचा अंश, नाल्याची घाण हे त्यांचं खाणं. खाताना ते कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्ल सोडतात. आम्लाने वाळूतली चुनखडी, शिंपल्यांचे तुकडे, कणांवरचा लोखंडी लेप हळूहळू विरघळतो, आणि हे सगळं आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, होऊन पाण्यात उतरतं. जिवाणू स्वतः वीज नेतात म्हणून रीडिंग पडलं असं नाही. त्यांनी पाणी बदललं आणि पाण्याने रीडिंग बदललं. साध्या मीटरवर जी घसरण दिसते ती बहुतांशी हीच असते.

दुसरी शक्यता अशी की पाण्याची वाहकता तीच आहे, पण गुणोत्तर खाली आलंय. म्हणजे वीज पाण्याखेरीज दुसऱ्या वाटेनेही जातेय, कणांच्या पृष्ठभागावरून. चिकणमातीचा अंश असला तर हे पहिल्या दिवसापासूनच दिसतं. दिवसागणिक वाढत असेल तर कणांवर काहीतरी साचतंय. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीकडचं पावसाचं पाणी वापरलं तर हा परिणाम जास्त जाणवतो, कारण त्या पाण्यात क्षारच कमी असल्यामुळे पृष्ठभागाच्या वाटेचा वाटा मोठा होतो. तीच वाळू बोअरच्या जड पाण्यात भरली तर हा परिणाम झाकला जातो.

तिसरी शक्यता उलटी: पाणी तेच किंवा थोडं खारं, पण गुणोत्तर चढतंय. पारदर्शक नळी असेल तर डोळ्यांनीच उत्तर मिळेल, आत बुडबुडे दिसतील. उसाच्या शेतातून आलेल्या पाण्यात युरियापासून झालेला नायट्रेट असतो. प्राणवायू संपला की काही जिवाणू तोच वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. आणखी पुढे मिथेनही होतो. बुडबुडा वीज नेत नाही, वाट अडवतो. नळीला हलकेच टिचक्या मारल्या आणि रीडिंग एकदम खाली आलं, तर वायूच होता असं समजा.

पहिली आणि दुसरी शक्यता वेगळी काढायचा आणखी एक खात्रीचा उपाय आहे. मूळचं पाणी, ज्याची वाहकता तुम्ही पहिल्या दिवशी मोजली होती, ते नळीतून सावकाश सोडा. ३० सेंटिमीटर लांबीच्या अशा नळीत कणांमधलं पाणी साधारण ३४० मिलिलिटर असतं. त्याच्या तिप्पट, म्हणजे एक लिटर, गेलं की आतलं पाणी बदललं. रीडिंग परत आलं तर दोष पाण्याचा. नाही आलं तर दोष कणांवर चिकटलेल्या थराचा. हे करताना एक लिटर पाणी उतरायला किती मिनिटं लागली तेही लिहा. महिन्यामागे वीस मिनिटं लागायची आणि आता पन्नास लागत असतील, तर आत बुळबुळीत थर चढलाय. याला घड्याळाखेरीज काही लागत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या तपासण्यांत हीच सगळ्यात प्रामाणिक आहे.

तांबड्या वाळूचं वेगळं काय

खानापूरकडून आणलेली तांबूस वाळू आणि धुतलेली पांढरी वाळू शेजारी ठेवून मोजलीत, तर दोन्ही सारख्या वागत नाहीत. याचं कारण मला फार आवडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

जिवाणू साधारण एका मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर ऋण भार असतो. त्या भाराभोवती पाण्यातले धन आयन गोळा होतात आणि प्रत्येक पेशीभोवती आयनांचं एक कवच तयार होतं. गारगोटीचा पृष्ठभागही ऋण भाराचाच, त्यामुळे स्वच्छ वाळूवर जिवाणू बेताबेतानेच चिकटतात. जांभ्याच्या मुलखातल्या वाळूवर मात्र लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप असतो, आणि साध्या पाण्यात त्या लेपावर धन भार असतो. ऋण पेशी तिथे पटकन जाऊन बसते.

अमेरिकेत अब्देल आल, एस्टेला अटेक्वाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नेमकं हेच मोजून दाखवलं. स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचे जिवाणू स्वच्छ गारगोटीच्या वाळूत आणि लोखंडी लेपाच्या वाळूत सोडले आणि ०.१ ते १००० हर्ट्झपर्यंत मोजमाप घेतलं. वाहकतेचे दोन भाग असतात: एक सरळ वीज वाहून नेण्याचा, दुसरा भार क्षणभर धरून ठेवण्याचा. या दुसऱ्या भागात स्वच्छ वाळूत १३ टक्के वाढ झाली, तर लेपाचं प्रमाण जास्त असलेल्या वाळूत ३७ टक्क्यांपर्यंत. पहिल्या भागात लक्षात यावा असा फरक पडला नाही.

याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. साधं मीटर बहुतेक करून पहिला भागच दाखवतं. म्हणजे जिवाणू कणांवर चिकटले, एवढ्याने तुमचं रीडिंग पडणार नाही. ते पडतं त्यांनी पाण्यात सोडलेल्या आयनांनी. चिकटणं बघायचं असेल तर दुसरा भाग मोजणारं यंत्र हवं. शेतात वापरायच्या काही मीटरवर आयपी अशी सोय असते: प्रवाह तोडल्यावर व्होल्टेज एकदम शून्यावर न येता किती वेळ रेंगाळतं ते ती मोजते. सर्व्हेला असं मीटर भाड्याने आणलं असेल त्या दिवशी घरची नळीही एकदा लावून बघा.

नळीत खालून काळा पट्टा वर चढताना दिसला आणि तोंड उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर गाडी आणखी पुढे गेली आहे. सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी लोखंडाचं सल्फाइड तयार केलंय. हा काळा कण धातूसारखा वीज नेतो आणि भारही धरतो, त्यामुळे आयपीचा आकडा एकदम उडी मारतो. अशी नळी गुणोत्तरासाठी बाद समजा, पण फेकू नका. जिवाणूंचं काम शिकवायला तिच्यासारखी नळी नाही.

पोरं इंटरनेटवर वाचून येतात की काही जिवाणू तारेसारखी वीज नेतात. खरं आहे ते. समुद्राच्या गाळात एकापुढे एक पेशी जोडून सेंटिमीटरभर लांब धागे करणारे केबल जिवाणू २०१२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवले. लोखंडावर श्वास घेणाऱ्या जिओबॅक्टरच्या वीजवाहक तंतूंवर २००५ पासून काम चालू आहे. पण तुमच्या नळीतली वीस टक्क्यांची घसरण समजून घ्यायला तिथवर जायची गरज नाही. आधी सिरिंज वापरा.

जिवंत कारण आहे हे सिद्ध कसं करायचं

जोडीला एक निर्जंतुक नळी हवी. तिच्याशिवाय मी कुणाचाही निष्कर्ष मानत नाही, स्वतःचाही नाही.

वाळू स्टीलच्या डब्यात ओली करून कुकरमध्ये ठेवा. स्वयंपाकाचा कुकर नको, जुना वेगळा ठेवा. पूर्ण दाब आल्यावर अर्धा तास. पण एकदा करून भागत नाही. काही जिवाणू बीजाणू करून उष्णता सोसतात. वाळू रात्रभर तशीच ठेवली की ते बीजाणू उगवतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वाफेत मरतात. म्हणून लागोपाठ तीन दिवस. नळी, चकत्या, सळ्या ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मग उकळून गार केलेल्या पाण्याने नीट धुवा. ब्लीचिंग आत राहिलं तर त्याचेच आयन मोजत बसाल. फॉर्मेलिनसारखं काही घरात आणू नका.

वाफवल्याने वाळूतून थोडे क्षार सुटतात, त्यामुळे तिची सुरुवात वेगळ्या आकड्यावर होईल. चालेल. आपल्याला सुरुवात जुळवायची नाही, उतार बघायचा आहे. कच्च्या वाळूची नळी घसरत गेली आणि वाफवलेली जागेवर राहिली, तर उत्तर मिळालं. दोन्ही सारख्याच घसरल्या तर जिवाणूंचं नाव घेऊ नका: वाळूतली चुनखडी आपोआप विरघळतेय, किंवा तुमच्या सळ्या खराब आहेत.

घाई असेल तर कच्च्या वाळूच्या तिसऱ्या नळीत चिमूटभर साखर विरघळवा. गूळ नको. आपल्याकडे गूळ हाताशी असतो खरा, पण त्यात क्षार असतात आणि घातल्या क्षणीच रीडिंग पडतं. साखरेने वाहकता वाढत नाही. नंतर जी घसरण होईल ती साखर खाऊन आम्ल सोडणाऱ्यांची. निळा लिटमस बुडवा, तांबडा होईल.

आणि शेतात?

शेतातही हाच खेळ चालतो, फक्त तिथे नळीचं झाकण उघडून बघता येत नाही. वाळूच्या पट्ट्यात रोधकता कमी आली की आपण पाणी म्हणतो. एका काकांच्या मळ्यात ओढ्याकडेच्या वाळूत मी असाच आनंदाने पॉइंट दिला होता. पाणी लागलं, पण वासाचं, जनावरंही तोंड लावेनात. वरच्या अंगाला वर्षानुवर्षं शेणाच्या स्लरीचा खड्डा होता. तो मी बघितला होता, आणि रीडिंगशी त्याचा संबंध लावला नव्हता. काकांनी एका शब्दाने दोष दिला नाही, ते जास्त लागलं. त्यानंतर नाल्याकाठी, साखर कारखान्याचं सांडपाणी सोडलेल्या रानात किंवा जुन्या गॅरेजच्या आवारात कमी रोधकता आली, की शेजारच्या विहिरीचं पाणी मोजल्याशिवाय मी पॉइंट देत नाही.

गॅरेजचं उदाहरण मुद्दाम घेतलं. डिझेल ताजं सांडलं तर रोधकता वाढते, कारण तेल वीज नेत नाही. पण वर्षं लोटली, जिवाणूंनी ते खायला घेतलं, की आम्लं आणि विरघळलेले क्षार वाढून तीच जागा उलट कमी रोधकतेची दिसू लागते. विल्यम सॉक या अमेरिकी संशोधकाने २००० साली हा उलगडा मांडला. म्हणून जागेचा इतिहास विचारा: काय सांडलं, केव्हा सांडलं.

भाताच्या बांधाशी साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडी घालून बघा. काचेसारखे तुकडे होऊन फुटला आणि जुळला नाही, तर लोखंडाच्या जिवाणूंचा. फुटून पुन्हा एकत्र वाहत आला, तर तेलाचा. खानापूरच्या बाजूला पहिलाच जास्त भेटतो, आणि तो दिसला की खालच्या वाळूत लोखंड विरघळत असणार हे धरूनच मी मीटर मांडतो.

यापुढे फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा: वाळू कुठल्या नदीची आणि कुठल्या जागेची, नळी भरल्याची तारीख, प्रत्येक रीडिंगचं तापमान, सिरिंजने काढलेल्या पाण्याची वाहकता, आणि एक लिटर पाणी उतरायला लागलेली मिनिटं. दूधगंगा-वेदगंगेची वाळू असेल तर तेही सांगा, कारण तिच्यात काळ्या पाषाणाचे कण आणि काळ्या मातीचा अंश असतो, आणि तिचं गुणोत्तर मलप्रभेच्या वाळूशी ताडून बघण्यात अर्थ नाही.